साडीतील मरिया: चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांच्या नाकारलेल्या भक्तीचे प्रकरण

१९३० च्या दशकाच्या आरंभी, गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना, एक तरुण कॅथलिक चित्रकार बंगालमध्ये चित्रकला शिकून आपल्या मुलखात परतला आणि तिथे अवगत केलेल्या भारतीय शैलीत येशू, मरिया व संत यांची चित्रे काढू लागला. त्याची मरिया साडी नेसलेली आणि सावळी होती, तिच्या आसपास कमळे आणि समया होत्या. त्याचा येशू भगवी वस्त्रे ल्यालेल्या गुरूसारखा, शिष्यांमध्ये जमिनीवर बसलेला होता. चर्चमधील अधिकारी वर्गाला आणि गोव्यातील प्रतिष्ठित कॅथलिक समाजाला ही चित्रे मानवली नाहीत. श्रद्धेला हिंदू रूप दिल्याचा ठपका त्याच्यावर आला, स्वतःच्या मुलखात राहून काम करणे कठीण झाले आणि तो पुण्याला आला. त्याचे उरलेले सारे आयुष्य पुण्यातच गेले.

या चित्रकाराचे नाव आंजेलो द फोन्सेका. ‘प्रतिभावंताला समाजाने नाकारले’ एवढे म्हणून हे प्रकरण मिटवले, तर त्यातले महत्त्वाचे सारे हातून निसटते. नाकारणारेही प्रार्थना करणारेच लोक होते आणि चित्रकारही रोज प्रार्थना करणारा होता. दोघांची मरिया एकच होती, धर्मसिद्धान्तही एकच होता. तरीही एकाला जे भक्तीचे परिपक्व रूप वाटले, ते दुसऱ्याला विटंबनेसारखे वाटले. असे का झाले, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे.

चित्रकार आणि त्याचे शिक्षण

फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव या बेटावरच्या गावी, एका संपन्न जमीनदार कॅथलिक कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेळगाव आणि पुणे येथे झाल्यावर ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले, परंतु तो अभ्यास अर्धवट सोडून त्यांनी जे. जे. कलाशाळेची वाट धरली. तिथली युरोपीय अकादमिक पद्धतही त्यांना समाधान देऊ शकली नाही, म्हणून ते बंगालला गेले आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले.

बंगालमध्ये त्यांनी जे तंत्र घेतले, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढच्या वादात विषयावर पुष्कळ बोलले गेले आणि तंत्राकडे फारसे कोणी पाहिले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अवनींद्रनाथांनी जपानी चित्रकारांच्या सहवासातून जलरंग धुण्याची जी पद्धत विकसित केली, तिच्यात पातळ रंगाचा एक थर दिला जातो, तो वाळल्यावर कागद पाण्यात भिजवला जातो, कागदाने धरलेला रंग तेवढा राहतो आणि वरचा निघून जातो. मग पुन्हा थर, पुन्हा पाणी. असे अनेकदा केल्यावर रंग कागदावर बसल्यासारखा न दिसता कागदातूनच उमलल्यासारखा दिसू लागतो. युरोपीय तैलचित्रांतल्याप्रमाणे एका बाजूने येणारा प्रखर प्रकाश आणि दुसऱ्या बाजूची गडद सावली या पद्धतीत जवळजवळ नसते. सगळीकडे सारखा, मंद उजेड असतो आणि आकृती त्या उजेडात शांतपणे उभी असते.

चर्चमधील बरोक (सतराव्या शतकातील भावनाप्रधान युरोपीय) शैलीतील चित्रे आणि मूर्ती पाहणाऱ्याला हलवतात. डोळ्यांतून ओघळणारे अश्रू, जखमेतून वाहणारे रक्त, वर वळलेली नजर यांतून ती पश्चात्ताप जागा करतात, आणि तो जागा करण्यासाठीच ती घडवलेली आहेत. फोन्सेका यांच्या चित्रांतील व्यक्ती पाहणाऱ्याकडून असे काही मागत नाहीत. मरिया डोळे मिटून किंवा खाली वळवून स्वतःच प्रार्थनेत असते आणि पाहणाऱ्याला तिच्या शेजारी बसावेसे वाटते. थर देणे, थांबणे, धुणे आणि पुन्हा थांबणे ही क्रिया मला स्वतःला जपमाळेच्या फार जवळची वाटते, कारण दोन्हींत पुनरावृत्ती हेच साधन असते आणि घाई केली की दोन्ही बिघडतात. म्हणजे कमळ आणि साडी चित्रातून काढून टाकली असती, तरी गोव्याच्या भक्ताला या चित्रांपुढे परकेपणा जाणवला असता, असे मला वाटते. त्याला ज्या प्रकारच्या भावनेची सवय होती, ती भावनाच तिथे नव्हती.

आक्षेपांची उकल

चित्रांवरील नाराजी एकसंध नव्हती. तिच्यात निदान दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय न्याय करता येत नाही.

पहिली गोष्ट सिद्धान्ताची. कमळावर किंवा समईच्या प्रकाशात साडी नेसलेली तेजोवलयांकित स्त्री पाहून भक्त तिला देवी समजेल, अशी भीती वाटणे अस्वाभाविक नव्हते. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे मरिया ही वंदनीय आहे, पूजनीय देव नव्हे, आणि ही रेषा पुसली गेली तर श्रद्धेचा गाभाच हलतो. ही चिंता ज्यांना खरोखर वाटत होती, त्यांना संकुचित म्हणून मोडीत काढणे मला मान्य नाही. औपचारिक अधिकारही त्यांच्या बाजूने होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांविषयी जो ठराव केला, त्यात नेहमीपेक्षा वेगळी प्रतिमा बिशपच्या संमतीवाचून चर्चमध्ये लावू नये असे स्पष्ट म्हटले आहे. फोन्सेका यांची चित्रे वेगळी होती, हे तर कोणीच नाकारणार नाही.

परंतु त्याच परंपरेत त्याहून जुने आणि अधिक मूलभूत असे एक तत्त्व आहे. ७८७ मधील निकेयाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमाभंजनाच्या दीर्घ कलहानंतर असा निर्णय दिला की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो मूळ व्यक्तीकडे जातो. या तत्त्वाचा अर्थ नीट लावला, तर चेहऱ्याचा वर्ण, नाकाची ठेवण किंवा वस्त्राची जात यांवर प्रतिमेचे पावित्र्य अवलंबून राहत नाही. पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकारांनी देवदूताचा निरोप ऐकणारी मरिया आपल्याच शहरातील घराच्या खोलीत, तिथल्याच भांड्याकुंड्यांत बसवली आणि इटलीतील चित्रकारांनी तिला इटालियन चेहरे दिले. गालीलमधील त्या यहुदी तरुणीशी यांतील एकाही चित्राचे प्रत्यक्ष साम्य असण्याचे कारण नाही. तरीही गोव्यात युरोपीय चेहऱ्याची मरिया हीच मूळ मरिया मानली गेली आणि साडीतली मरिया ही तिची नक्कल ठरली. वास्तविक दोन्ही एकाच प्रकारच्या कृती होत्या. एकीला चार शतकांची सवय होती, दुसरीला नव्हती.

दुसरी गोष्ट सामाजिक होती, आणि माझ्या मते खरा पेच तिथेच होता.

वस्त्र ही सीमा कशी झाली

गोव्याच्या कॅथलिक समाजासाठी साडी हे केवळ वस्त्र नव्हते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा शोध घेऊन शिक्षा करणारे, न्यायासन स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात धर्मांतरित कुटुंबांच्या असंख्य रूढींवर बंदी घातली. त्यात लग्नातील विधी, गाणी आणि खाण्यापिण्याच्या प्रथा होत्या, आणि पुरुषांचे पुडवे (धोतर) व स्त्रियांची चोळी यांनाही त्यात वगळले नाही. त्याआधी १६८४ मध्ये राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज रूढ करण्याचा हुकूम काढला होता. भाषा, पेहराव आणि सण या तिन्ही गोष्टींत ‘आपण कोण’ याची रेषा अशा रीतीने दंडाच्या भीतीखाली आखली गेली. फर्माने प्रत्यक्षात किती पाळली गेली हा वेगळा विषय आहे आणि स्त्रियांनी पुष्कळ काही गुपचूप जपलेही. पण वरच्या थरातील कुटुंबांनी ही रेषा आपली मानली, तिच्यावर आपली प्रतिष्ठा उभी केली, आणि पिढ्या उलटल्यावर ती लादलेली होती याची आठवणही विरली.

अशा समाजापुढे मरियेला साडीत आणणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी जो पेहराव विश्वासाच्या नावाने उतरवायला लावला, तोच विश्वासाच्या सर्वांत पवित्र स्त्रीला चढवणे होय. चित्रकाराच्या मनात आव्हान देण्याचा हेतू असो वा नसो, चित्र मात्र आपोआप असे विचारत होते की तो पेहराव उतरवण्याची गरज होती का. ज्यांच्या पूर्वजांनी त्यासाठी मोठी किंमत मोजली होती, त्यांना हा प्रश्न दुखवणारच होता. या दुखण्याची दखल न घेता केवळ कलावंताची बाजू मांडणारे लेखन मला अपुरे वाटते.

काळाचाही यात मोठा वाटा होता. १९३० मध्ये पोर्तुगालने वसाहत कायदा केला आणि वसाहती अधिक घट्ट बांधून घेतल्या, तर त्याच वेळी सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात स्वातंत्र्यलढा पेटला होता. अशा वेळी भारतीय वेशातील येशू हा निव्वळ धार्मिक विषय राहणे शक्य नव्हते. गोव्यातील चर्च पाद्रोआदोच्या, म्हणजे पोपने पोर्तुगालला दिलेल्या धर्माश्रयाच्या, व्यवस्थेखाली पोर्तुगीज सत्तेशी जोडलेले होते. बिशपांच्या नेमणुकीपासूनच्या अनेक गोष्टींत त्या सत्तेचा हात होता. म्हणून चित्रावरचा आक्षेप हा धर्मसत्तेचा किती आणि राजसत्तेचा किती, हे वेगळे करणे त्या काळच्या माणसालाही सोपे गेले नसते.

चीनमधील एक समांतर घटना येथे उपयोगी पडते. १९१९ मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी धर्मप्रसारकांना बजावले होते की त्यांनी आपल्या मायदेशाचे हित पुढे रेटू नये. याच धोरणाचा धागा धरून १९२२ मध्ये चीनला पोपचे प्रतिनिधी म्हणून गेलेल्या चेल्सो कोस्तांतिनी यांनी चिनी शैलीतील ख्रिस्ती चित्रकलेला उघड प्रोत्साहन दिले. तिथले चित्रकार चेन युआनदू यांनी त्यांच्या प्रेरणेने ख्रिस्ती विषय रेशमावर चिनी पद्धतीने रंगवले आणि १९३२ मध्ये बाप्तिस्मा घेऊन लूक हे नाव घेतले. म्हणजे एकाच चर्चमध्ये, एकाच दशकात, एकाच प्रकारच्या कामाला पेकिंगमध्ये पोपच्या प्रतिनिधीचा आशीर्वाद मिळाला आणि गोव्यात दार बंद झाले. सिद्धान्त दोन्हीकडे तोच होता. चर्च कोणत्या सत्तेला बांधलेले आहे, एवढाच फरक होता. या तुलनेनंतर सिद्धान्ताच्या आक्षेपाला पहिले स्थान देणे मला शक्य वाटत नाही.

जे आधीपासून आत आले होते

गोव्याच्या ख्रिस्ती कलेत स्थानिकाला प्रवेश नव्हता असे मात्र मुळीच नाही, आणि हे लक्षात घेतल्यावर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात कोरलेला बाल मेंढपाळ येशू जगातील मोठ्या संग्रहालयांत आज पाहायला मिळतो. मेंढरांनी भरलेल्या डोंगरावर, गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेल्या त्या बालकाच्या ध्यानस्थ मुद्रेत पुष्कळ अभ्यासकांना बुद्धमूर्तीची छाया दिसली आहे. गोव्यातील काही जुन्या चर्चमध्ये प्रवचनाचे व्यासपीठ ज्या आकृतींनी तोलून धरले आहे, त्यांची कंबरेखालची वळणे नागकन्यांची आठवण करून देतात. लोकश्रद्धेत तर ही सोयरीक उघडच आहे. गोमंतकीय लोक मरियेला ‘सायबीण’ म्हणतात, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते. तिच्या उत्सवाला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही तेल वाहतात.

शब्दकलेतील उदाहरण त्याहून मोठे आहे. १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी पुराणाच्या घाटात आहे. आरंभीचे नमन मराठी ग्रंथांच्या रिवाजाने होते आणि स्वर्गासाठी कवीला ‘वैकुंठ’ हा शब्दही परका वाटत नाही. धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने छापलेला हा ग्रंथ पुढे दोनदा पुन्हा छापावा लागला आणि भाविकांच्या मेळ्यात तो वाचला व गायला जात असे.

मग ओवीतला वैकुंठ चालला आणि चित्रातले कमळ का चालले नाही? एक उत्तर काळाचे आहे: स्टीफन्स यांचा ग्रंथ १६८४ आणि १७३६ च्या आधीचा आहे, रेषा अजून एवढी कडक झालेली नव्हती. पण मला दुसरे उत्तरही तितकेच महत्त्वाचे वाटते. शब्द ऐकणाऱ्याच्या मनात शिरल्यावर तिथली जुनी चित्रे जागी करतो. ‘वैकुंठ’ ऐकून प्रत्येक श्रोता आपापले वैकुंठ पाहतो आणि त्यातील विसंगती कोणालाच दिसत नाही. चित्र असे करू देत नाही. मरिया कोणत्या रंगाची, कोणत्या वस्त्रातली, कोणत्या घरातली, हे ते सर्वांसमोर एकदाच आणि निश्चितपणे सांगते, आणि मग त्याला हो किंवा नाही एवढेच म्हणता येते. हस्तिदंती मेंढपाळाची मुद्रा भारतीय असली तरी विषय, पोशाख आणि सांगाडा युरोपकडून आलेला होता, म्हणून भारतीयपण तिथे कुजबुजीसारखे राहू शकले. फोन्सेका यांनी ते स्वच्छ आवाजात उच्चारले. त्यांचे धैर्य आणि त्यांची अडचण ही एकाच ठिकाणी होती.

आणखी एक फरक कर्त्याचा होता. हस्तिदंत कोरणारे कारागीर अनामिक होते आणि त्यांच्याकडून स्पष्टीकरण कोणी मागितले नाही. स्टीफन्स हे परदेशी धर्मगुरू होते. त्यांनी मराठीचा अंगीकार केला तो औदार्य ठरला. सांत इस्तेवच्या जमीनदार घराण्यातील शिकलेल्या मुलाने तेच केले, तेव्हा ते आपल्या वर्गाला सोडून जाणे ठरले.

पुण्यातील आसरा

फोन्सेका पुण्यात ज्या ठिकाणी राहिले, तो ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेतील होता. रोमन कॅथलिक चित्रकाराला आसरा अँग्लिकन बंधूंनी द्यावा, ही गोष्ट त्या काळच्या संप्रदायभेदांचा विचार करता साधी नव्हती. या आश्रमाची मुळे इंग्रज धर्मप्रसारक जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ख्रिस्त सेवा संघात होती. खादी नेसणे, जमिनीवर बसून जेवणे, भारतीय पद्धतीने उपासना करणे हे तिथले नित्याचे जीवन होते.

आणि विन्स्लो यांच्या मागे आपले कवी नारायण वामन टिळक होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही मराठी भक्तीची साधने ख्रिस्तचरणी वाहिली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा असावी अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले. विन्स्लो यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि आश्रमाच्या कल्पनेत त्यांचा प्रभाव उतरला. टिळकांची पदे आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासना संगीतात गायली जातात. गाणाऱ्याला ती गाताना आपण काही स्थानिकीकरण करत आहोत असे वाटतही नाही. फोन्सेका यांच्या चित्रांना जी जमीन गोव्यात मिळाली नाही, ती महाराष्ट्रात टिळकांच्या शब्दांनी आधीच नांगरून ठेवली होती, असे मी म्हणेन.

आश्रमाने चित्रकाराला दिलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उपासना करणाऱ्या माणसांचा सहवास. धार्मिक चित्र एकट्याच्या खोलीत पूर्ण होत नाही. समोर बसून कोणी तरी प्रार्थना केल्यावर ते पूर्ण होते. गोव्याने त्यांना प्रेक्षक दिले होते आणि त्या प्रेक्षकांनी निकाल दिला. पुण्यात त्यांना सोबत प्रार्थना करणारे लोक मिळाले, आणि ही चित्रे त्या प्रार्थनेच्या लयीत, वर्षानुवर्षे, शेकड्यांनी होत राहिली. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही त्यांना खंबीर प्रोत्साहन दिले. पुरातत्त्व आणि भारतीय शिल्प यांचा जन्मभर अभ्यास केलेल्या या स्पॅनिश येशूसंघीयाला या चित्रांत श्रद्धेचा भंग दिसला नाही.

१९५१ मध्ये फोन्सेका यांनी आयव्ही यांच्याशी विवाह केला आणि त्यानंतरच्या मरियेच्या चित्रांसाठी त्या मॉडेल ठरल्या. यावरही भुवया उंचावल्या. परंतु युरोपातील चित्रकारांनी ओळखीच्या स्त्रियांचे चेहरे मरियेला दिल्याचे दाखले इतके आहेत की या आक्षेपावर अधिक वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही.

निर्णय कसा फिरला

१९५० च्या पवित्र वर्षात रोममध्ये निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती कलेचे प्रदर्शन भरले आणि त्यात फोन्सेका यांचे काम दाखवले गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचे आपले संविधान घोषित केले. त्यात असे म्हटले आहे की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून कधी स्वीकारलेली नाही, लोकांचा स्वभाव आणि परिस्थिती यांनुसार प्रत्येक काळातील शैलींना तिने वाव दिला आहे, आणि योग्य आदर राखून केलेल्या सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला पुढेही वाव असावा. तीस वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी माणसाला गाव सोडावे लागले, ते आता चर्चच्या अधिकृत शिकवणुकीत बसले. फोन्सेका यांनी ही घोषणा पाहिली. डिसेंबर १९६७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

परिषदेने चित्रकाराला खरे ठरवले, असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. मला मात्र येथे एक गंभीर शंका नोंदवायची आहे, कारण ती या प्रकरणाच्या बाहेरची नाही. फोन्सेका यांनी जे भारतीयपण निवडले, त्यातील संन्यासी, गुरू, कमळ, समई, शांत तपोवन ही सारी प्रतीके प्रामुख्याने शास्त्रीय आणि उच्चवर्णीय परंपरेतून आलेली होती. भारतातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित समाजातून आलेला आहे. ज्या परंपरेच्या उंबरठ्याबाहेर ज्यांच्या पूर्वजांना उभे केले गेले, त्या परंपरेची चिन्हे चर्चच्या वेदीजवळ पाहून त्यांना घरी आल्यासारखे वाटेलच असे नाही. १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांच्यासारख्या ईशविद्येच्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या) अभ्यासकांनी भारतीय ख्रिस्ती विचारावर नेमका हाच आक्षेप घेतला की तो ब्राह्मणी चौकटीशी संवाद करत राहिला आणि भोगलेल्या वेदनेकडे त्याने पाठ फिरवली. गोव्याच्या प्रतिष्ठितांनी साडीला नकार दिला आणि पुढे दलित ख्रिस्ती विचाराने कमळाविषयी शंका घेतली. या दोन नकारांची कारणे परस्परविरुद्ध आहेत, आणि दुसरा मला पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक न्याय्य वाटतो. चित्रकारावर यातला दोष किती, हे ठरवताना सावध राहावे लागेल. बंगालच्या शैलीने जे भारतीयपण त्याच्यासमोर ठेवले, त्याच्याच मर्यादा त्याच्या चित्रांत आल्या.

गोव्याच्याच मातीतला दुसरा चित्रकार येथे आठवतो. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनीही येशूचे क्रूसावरील मरण पुन्हा पुन्हा रंगवले. त्यांच्या १९५९ च्या चित्रातील काळपट, खिळ्यांनी आणि काट्यांनी भरलेला येशू लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. सोझा यांच्या चित्रांत वेदना आणि संताप उघडा आहे, जो फोन्सेका यांच्याकडे जवळजवळ नाहीच. पण सोझा यांचे चित्र वेदीजवळची जागा मागत नव्हते. ते चर्चशी भांडून बाहेर पडलेल्या माणसाचे होते, आणि बाहेर पडलेल्याला नाकारण्याची कोणाला गरज भासत नाही. फोन्सेका आत राहू इच्छित होते, मिस्सेला येणाऱ्या माणसाने आपल्या चित्राकडे पाहून माळ जपावी अशी त्यांची आस होती, आणि म्हणूनच त्यांना मिळालेला नकार इतका खोल गेला. श्रद्धेविषयीची कला आणि श्रद्धेसाठीची कला यांतला हा फरक कलेच्या इतिहासात पुष्कळदा पुसला जातो. चर्चला मात्र तो पुसून चालत नाही, कारण दुसऱ्या प्रकारच्या कलेची जबाबदारी तिच्यावरच येते.

आजची स्थिती

फोन्सेका यांच्या मागे आयव्ही यांनी चित्रे अनेक वर्षे जपली आणि नंतर त्यांचा मोठा संग्रह गोव्यातील पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवला. ज्या भूमीने त्यांना ठेवून घेतले नाही, तिथेच ती परतली, आणि तीही येशूसंघाच्या संस्थेत. अभ्यासक येतात, प्रदर्शने भरतात, त्यांच्यावर लिहिले जाते. भारतीय ख्रिस्ती चित्रकलेचा विचार करणाऱ्या पुढच्या पिढीला, विशेषतः १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले चित्रकार ज्योती साही यांच्यासारख्यांना, हा वारसा ठाऊक आहे.

तरी संशोधन केंद्राची भिंत ही वेदीची भिंत नसते. तिथे चित्रासमोर मेणबत्ती लावायची नसते, गुडघे टेकायचे नसतात, चित्राला बोट लावून कपाळाला लावायचे नसते. योग्य अंतरावरून पाहायचे असते, आणि कागदाचे रंग उडू नयेत म्हणून उजेडही बेताचा ठेवावा लागतो. जलरंगातली ही मरिया आता कोणाला विटंबना वाटत नाही. मंद उजेडात ती डोळे मिटून प्रार्थना करत असते, आणि तिच्या शेजारची जागा बहुतेक वेळ रिकामी असते.